उमाकांतची फर्माईश

रेडिओ स्टेशन कुठं आहे असं भिलाईच्या कैंप-एकमध्ये कुणाला विचारलं असतं, तर त्यानं नागपूरचं नाव घेतलं नसतं. सरळ दौलतरावाच्या चहाटपरीकडं बोट दाखवलं असतं. मोठ्या शहरांतल्या सरकारी स्टेशनांना तेव्हा सिनेमाच्या गाण्यांचा विटाळच होता म्हणा ना! सकाळी आलाप, संध्याकाळी बाजारभाव. आणि इथं पंजाबपासून केरळपर्यंतची माणसं पोलादाचा कारखाना उभा करायला येऊन पडलेली, टिनाच्या खोल्यांत, चिखलात, बायकापोरांसकट. त्यांनी बाजारभाव ऐकून काय करायचं?

दौलतराव मूळचा नागपूरचा, लग्नात लाउडस्पीकर लावणारा. रेल्वेतल्या एका नातेवाइकाच्या लग्नाला दुर्गला आला, शेजारच्या भिलाईची गर्दी पाहिली आणि परत गेलाच नाही. टपरीवर बांबू, बांबूवर कर्णा, खाली बॅटरी, मशीन आणि गाण्यांच्या रेकॉर्डची पेटी, एवढ्यावर त्यानं स्टेशन काढलं. चहा प्यायला आलेला माणूस फर्माईश सांगायचा आणि दौलतराव माईकवर त्याचं नाव घेऊन गाणं लावायचा. नाव घेताना त्याची हिंदी अशी काही तुपात घोळून निघायची की बायको राधाबाई कपाळाला हात लावायची. घरी पाणी मागतानाही तसंच बोला की, म्हणायची. पण स्वतःचं नाव अख्ख्या कैंपात घुमलं की घरापासून हजार मैलांवर आलेला गडी जरा ताठ चालायचा, हे तीही पाहत होती.

एक नियम मात्र राधाबाईनं घालून दिला होता. कैंपात कुणी गेलं की त्या दिवशी कर्णा बंद. शेजारी मढं असताना गाणी वाजवायची का? दौलतरावालाही ते पटलं. पण झालं काय, की कर्णा गप्प म्हणजे कुणीतरी गेलं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. एकदा नुसती बॅटरी उतरली, तर कैंपातल्या बायका आपापल्या नवऱ्याचं नाव घेत कारखान्याच्या गेटाकडं धावत सुटल्या. त्या रेटारेटीत भागाबाई नावाच्या एकीचा हात मोडला. तेव्हापासून दौलतराव दुसरी बॅटरी भरून तयार ठेवायचा.

उमाकांतची फर्माईश रोजची होती. तो एका ठेकेदाराच्या मुरुमाच्या ट्रकवर मुकादम होता. दुपारी दोनचा भोंगा झाला की काम सुटायचं, आणि त्याच्या बायकोला, शालूला, ते कळावं म्हणून दौलतरावानं लगेच एक ठरलेलं गाणं लावायचं. बायकोचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? म्हणून दौलतराव म्हणायचा, ‘कैंप एक से उमाकांत की फर्माइश, घरवालों के लिए.’ घरवाले म्हणजे कोण ते सगळ्यांना ठाऊक. बायका शालूला चिडवून बेजार करायच्या आणि शालू लाजत तवा चुलीवर चढवायची.

एका दुपारी, बारा वाजून गेले असतील, ट्रकवरचा हमाल धोंडबा सायकल दामटत आला आणि टपरीच्या मागं जाऊन मटकन खाली बसला. कुम्हारी गावाजवळ ट्रक उलटला होता. उमाकांत जागच्या जागी गेला होता. ठेकेदाराची माणसं त्याला संध्याकाळपर्यंत आणणार होती. शालूला सातवा महिना, आणि तिचं माणूस म्हणावं असा एकटा भाऊ विद्याधर, तो दुर्ग स्टेशनात कामाला. धोंडबा त्यालाच आणायला निघाला होता.

राधाबाईनं डोळे पुसले आणि कर्णा बंद करा म्हणाली. दौलतरावाचा हात मशीनकडं गेला आणि तसाच थांबला. बंद केला की साऱ्या बायका पुन्हा गेटाकडं धावणार, त्यात शालूही, तेवढं पोट घेऊन. आणि भर रस्त्यात कुणीतरी तिला सांगणार.

‘तिचा भाऊ येईतो चालू ठेवतो,’ तो म्हणाला.

‘आन् दोन वाजता काय करान?’ राधाबाईनं विचारलं.

मीच जाऊन सांगते, असं राधाबाईचं म्हणणं पडलं. दौलतरावानं तिला अडवलं. सांगायचं ते सख्ख्या भावानं सांगावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. शेवटी तांदूळ निवडायचं निमित्त करून राधाबाई शालूजवळ जाऊन बसली, आणि दौलतराव गाणी लावत राहिला. एकानं नाचाचं गाणं मागितलं, तेही त्यानं लावलं.

दोनचा भोंगा झाला. गाणं नाही लावलं तर शालू समजणार. लावलं तर मेलेल्या माणसाच्या नावानं फर्माईश सांगायची. त्यानं माईक तोंडाशी धरला आणि रोजच्यासारखं सगळं म्हटलं, उमाकांतचं नाव, घरवाले, सगळं. आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढं कितीतरी दिवस त्याला स्वतःची किळस आली ती याचीच.

विद्याधर ऊन कलल्यावर आला. शालूचा हंबरडा टपरीपर्यंत ऐकू आला तेव्हा दौलतरावानं मशीन बंद केलं.

कैंपाला सगळं कळायला कितीसा वेळ लागतो! मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, इथपर्यंत लोक बोलले. मढ्याच्या नावानं गाणं लावून यानं चहा विकला, म्हणाले. दौलतरावानं कुणाला काही समजावलं नाही. राधाबाई त्याच्या बाजूनं भांडली असती, पण तीही त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. गाणं लागलं तेव्हा ती शालूच्या समोर बसलेली होती ना! कर्णा त्यानं कायमचा उतरवला. तोवर मोठ्या शहरांतली स्टेशनंही शहाणी झाली होती, दिवसभर सिनेमाची गाणी लावायला लागली होती. ज्याला परवडला त्यानं रेडिओ घेतला, आणि दौलतरावाचं स्टेशन लोक विसरायलाही लागले.

शालूला विद्याधरानं दुर्गला नेलं होतं. तिला मुलगी झाली. पोर बसायला लागल्यावर खोलीतलं उरलंसुरलं सामान न्यायला ती कैंपात आली आणि पोरीला कडेवर घेऊन सरळ टपरीत शिरली. दौलतराव उठून उभा राहिला.

‘काका, त्या दिवशी तुमाले माहीत होतं?’

नाही म्हणायची सोय होती. धोंडबा काही साक्ष द्यायला येत नव्हता.

‘माहीत होतं,’ तो म्हणाला. ‘चुकलं माझं, पोरी.’

शालू बाकावर बसली. पोरगी तिनं मांडीवर घेतली.

‘गाणं लागलं आन् मी काकूले म्हटलं, आज उशीर केला त वाढनच नाही त्यायले. हसून राहिली होती मी, काका. ते तिकडं पडून होते आन् मी इकडं हसून राहिली होती. ते आठवलं का वाटते, तुमचा गळा दाबावा.’

दौलतराव मान खाली घालून ऐकत होता. तिनं दाबला असता तर त्यानं हात धरला नसता.

‘आन् कधी वाटते,’ शालू म्हणाली, ‘साऱ्याइसाठी ते बाराच्या आधीच गेले. माझ्यासाठी भाऊ येईपर्यंत होते. तेवढा वेळ ते घरच्या वाटेनं येऊन राहिले होते, काका. तो वेळ तुमी मले देल्ला. आता तुमाले शिव्या देऊ का पाया पडू, मले समजत नाही.’

दौलतराव गिऱ्हाइकांसमोर, तोंडावर पंचा घेऊन, ढसाढसा रडला. आतून राधाबाई आली. शालूच्या मांडीवरची पोर तिनं उचलून घेतली, नवऱ्याशेजारी टेकली आणि किती महिन्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.