दिवसभर वेळ असलेली बाई

वाक्य ९. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तिने एक टाळी वाजवली, पाण्याचा घोट घेतला आणि वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं.

टाळी चुकीसाठी होती. वाक्य बिघडलं की रेकॉर्डिंग बंद करायचं नाही, एक टाळी वाजवायची. नंतर पडद्यावर आवाजाच्या रेघोट्यांमध्ये ती उंच काठीसारखी उभी दिसते आणि कुठे कापायचं ते शोधत बसावं लागत नाही. सकाळपासून पडद्यावर काठ्यांचं कुंपण झालं होतं.

खोली अडगळीची. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. भिंतींना रजया ठोकलेल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला. पंखा नाही, कारण पंखा ऐकू येतो.

"आपला कॉल आमच्यासाठी..."

दारावर थाप पडली.

"आई, गोळ्याने माझा निळा खडू खाल्ला."

"पूर्ण?"

"अर्धा."

"थुंकायला सांग त्याला. आलेच मी."

टाळी.

वाक्य ९. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

या वेळी फोन वाजला. स्टुडिओवाला होता. पहिली आठ वाक्यं तिने त्याला नमुन्यादाखल पाठवली होती.

"ताई, ऐकली सगळी. आवाज छान आहे तुमचा, त्यात वादच नाही."

"पण?"

"घाई ऐकू येतेय. असं बघा, हा माणूस हॉस्पिटलला फोन लावून ताटकळत बसलाय. घरात कुणीतरी आजारी आहे त्याच्या. त्याला वाटलं पाहिजे, की ही जी बाई बोलतेय ना, तिला दिवसभर वेळ आहे."

तिने दाराकडे पाहिलं. खालच्या टॉवेलचं टोक हळूहळू पलीकडे ओढलं जात होतं.

"करते परत," ती म्हणाली.

"पाचपर्यंत अडतीसच्या अडतीस हवीत. हॉस्पिटलची मंडळी पाचला ऐकायला बसणार आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्या एकीचा आवाज तयार आहे, मीच तुमचं नाव लावून धरलंय. होतील ना? मुलं लहान आहेत तुमची, म्हणून विचारतो."

"होतील. त्यांची सोय केलीय."

टॉवेल पूर्ण गेला. फटीतून चार बोटं आत आली आणि हलली.

सोय म्हणजे शेजारच्या मावशी. त्यांची दाढ रात्रीच ठणकायला लागली होती आणि आठ वाजता त्या गाल धरून दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नवरा ड्युटीवर, सातशिवाय यायचा नाही. निघताना तो म्हणाला होता, "दोन-तीन तासांचं तर काम आहे." तिलाही तसंच वाटत होतं, म्हणून ती त्याच्याशी भांडली नाही. गोळा, म्हणजे धाकटा, पोटात असताना तिने शेवटचं काम केलं होतं, त्याला तीन वर्षं होत आली. आधी स्टुडिओतून फोन यायचे, मग मेसेज, मग नुसत्या नव्या वर्षाच्या शुभेच्छा. यंदा त्याही आल्या नव्हत्या. आणि मग हे काम आलं.

वेळापत्रक तिने फ्रिजवर चिकटवलं होतं. साडेनऊ ते अकरा: वाक्यं एक ते वीस. अकरा ते एक: मुलं, जेवण. एक ते तीन: गोळ्याची झोप, उरलेली वाक्यं. तीन ते पाच: कापाकापी, पाठवणे. त्या कागदावर दिवसभरात कुणालाही शी लागणार नव्हती.

वाक्य १४. आपला क्रमांक रांगेत आहे.

गोळा एक वाजता झोपला नाही. पावणेदोनलाही नाही. सव्वादोनला ती स्वतःच त्याच्या शेजारी डोळा लागून पडली, तेव्हा त्याने तिची पापणी बोटाने उचलून आत कोणी आहे का ते पाहिलं.

बाईसाहेब, म्हणजे मोठी, पाच वर्षांची. ती दारात उभी होती.

"तो झोपणार नाहीये," तिने सांगितलं. "तू जा. मी बघते त्याला."

"बघशील?"

"आपण आई-आई खेळू, गोळ्या. मी आई. तू फोन."

"आलेच मी. अर्धा तास," आई म्हणाली.

वाक्यं १७ ते २३.

सतरा एका दमात झालं. अठराही. एकोणीसमध्ये 'असुविधेबद्दल' आलं, त्यावर सकाळी सराव करताना ती चारदा अडखळली होती. आता ते साखरेसारखं विरघळलं. वीस. एकवीस. तिने पान उलटलं, डोळे मिटले आणि घशाला जरा उसंत दिली. बाहेर काहीच आवाज नव्हता. बावीस. तेवीस. सात वाक्यं, एकही टाळी नाही.

चोविसाव्याला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की बाहेर काहीच आवाज नव्हता.

ती उठली तेव्हा माइकची दांडी कपाळाला लागली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. आतल्या खोलीत कोणी नव्हतं. मोरीत नळ वाहत होता. बेसिनपुढे स्टुलावर गोळा टाचा उंचावून उभा, पोटापर्यंत भिजलेला, हातात दात घासायचा पेला. आणि बाईसाहेबांनी मागून त्याचा सदरा दोन्ही मुठींत गच्च धरलेला.

"अक्कल आहे का तुला? पाय घसरला असता म्हणजे? दोन मिनिटं लक्ष नाही ठेवता येत?"

आईने गोळ्याला नीट कडेवर घेईपर्यंत बाईसाहेबांनी सदरा सोडला नाही.

पावणेचार.

मुलांपुढे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटं ठेवली. स्वतः समोर बसून तिने लॅपटॉप उघडला आणि हेडफोन चढवले. या गोंधळात रेकॉर्डिंग होणार नव्हतं, पण झालेलं साफ करता येणार होतं. पंधरा वाक्यं बाकी, सव्वा तास. तिने एका वाक्याला किती मिनिटं ते काढलं. मग ते काढण्यात गेलेलं मिनिट वजा केलं.

काठी, काप. काठी, काप. सतरापासून पुढे सपाट, स्वच्छ. फक्त एकवीस आणि बावीसच्या मधे एक बुटकी काठी होती. तिथे टाळी वाजवल्याचं तिला आठवेना. ती जागा पान उलटण्याची. डोळे मिटून, ही शांतता किती छान आहे असं वाटलेली. तिने आवाज वाढवला.

टाळी दाराबाहेरची होती. फटीत टॉवेल नव्हता आणि माइकला तिच्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

"चुकलं. परत पहिल्यापासून," बाईसाहेब हळू आवाजात म्हणत होत्या. "फोन, तू हलू नको."

"पाणी."

"आई काम करतेय."

"आई पाणी."

"ती नाही येणार. आलेच म्हणाली ना, म्हणजे नसते येत. रडू नको. रडलास की तिचं चुकतं, मग ती परत करते, मग अजून उशीर. चल, मी देते. स्टुलावर चढ. मी धरते तुला, घट्ट."

पावलं. मग तिचा स्वतःचा आवाज, वाक्य बावीस.

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मुलीच्या आवाजात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. घाई तर अजिबातच नव्हती.

हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले. समोर बाईसाहेब गोळ्याच्या बिस्किटाचे दोन तुकडे करत होत्या, कारण त्याला अख्खं नको होतं.

"मघाशी त्याला तहान लागली होती?"

"हो."

"मग मला सांगायचं ना, मी ओरडले तेव्हा."

"तू ओरडत होतीस," बाईसाहेब म्हणाल्या.

आईने तिच्या बाहीवरचा चुरा झटकला. चुरा नव्हता तिथेही झटकला.

"माझं चुकलं. तू बरोबर धरलं होतंस त्याला."

बाईसाहेबांनी मान हलवली आणि बिस्किटाचा मोठा तुकडा स्वतःला घेतला.

चार वाजून दहा.

"तेवीस झालीत," तिने फोनवर सांगितलं. "तेवढी पाठवते. उरलेली पंधरा उद्या बारापर्यंत."

"ताई, सकाळी तुम्ही नक्की म्हणालात."

"म्हणाले. सोय केलीय म्हणाले, तेही खरं नव्हतं. घरात दोघं आहेत आणि मी एकटी आहे. आज तेवीसच होणार."

"अहो, मी पाचला काय तोंड दाखवू त्यांना?"

"तेवीस ऐकवा. सतरा ते तेवीस आधी लावा. उद्या हे दुपारपर्यंत घरी आहेत."

पलीकडे तो खुर्चीत मागे रेलल्याचा आवाज आला. "आणि उद्या बारा, ते तरी खरं आहे?"

हो म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. मग फ्रिजवरच्या कागदाकडे पाहत तिने बोटांवर मोजलं. गोळा सातला उठतो. हे नऊपर्यंत पेपरातून डोकं वर काढत नाहीत. मग अंघोळी. मग कुणाचं तरी काहीतरी.

"बारा नाही. तीन धरा."

"कमी करायला सांगतोय, तर तुम्ही वाढवताय."

"हो."

"तीनचं मी त्यांना सांगू शकतो. ते ऐकतील असं सांगू शकत नाही. थांबा, दुसऱ्या फोनवर विचारतो. ठेवू नका."

लाइन शांत झाली. फोन कानाला लावून ती टेबल आणि ओट्याच्या मधे उभी राहिली. गोळा टेबलाखाली उतरला होता आणि तिच्या पायाच्या अंगठ्यावर ओलं बिस्कीट ठेवून पाहत होता. तिने पाय हलवला नाही.

"काय करतेस?" बाईसाहेबांनी विचारलं.

"वाट बघतेय."

"कोणाची?"

"एक काका आहेत. काम माझ्याकडे ठेवायचं की दुसऱ्या कुणाला द्यायचं, ते विचारून सांगणार आहेत."

"आलोच म्हणाले?"

"थांबा म्हणाले."

"किती वेळ?"

"ते मला माहीत नाही."

बाईसाहेबांनी जरा विचार केला. मग त्या खुर्चीवरून उतरल्या, आणि ती खुर्ची फरशीवरून खरडत, ढकलत आईच्या मागे आणून लावली.

"मग बस," त्या म्हणाल्या. "उभं राहून नाही बघायची वाट. पाय दुखतात."