जाळ्यांच्या खोलीतली पाहुणी

रेवताबाईच्या घरचा एक नेम होता. नवीन माणूस घरात आलं, की त्यानं पहिला घास घरच्यांच्याच ताटातून खायचा. सून आली तेव्हा तिनंही सासूच्या ताटातलाच झिंग्याचा रस्सा खाल्ला होता. आता सून आणि मुलगा लिलाधर वरठीला राहतात, कारखान्याच्या कामावर. सणाला येतात आणि चपला काढायच्या आधी परतायची वेळ सांगतात. नवरा मनिराम जाऊन सात वर्षं झाली. सिहोरा गावच्या घरी उरली रेवताबाई, मनिरामची मासोळ्यांची जाळी, आणि त्यानंच तळ्यावरून टोपलीत घालून आणलेली मांजर, मैना.

बोलायला कोणी नसलं की बाई मांजरीशी बोलते. त्यात हसण्यासारखं काही नाही. ज्यांच्या घरी दहा माणसं आहेत आणि दहाही मोबाइलात डोकं घालून बसतात, त्यांनी तर मुळीच हसू नये!

एका सकाळी हर्षा आली. ही पोरगी जनावरांच्या दवाखान्यात कामाला. हातातल्या खोक्यात एक भुरी मांजर, नुसती हाडं.

"मावशी, रस्त्यावर भेटली. हिले कोनाचं घर भेटेपर्यंत महिनाभर ठेवता का?"

"ठेव ना वं. मले का जड हाये?"

"पन दोन आठवडे मैनेपासून दूर ठेवा. जाळ्यांच्या खोलीत, दार लावून. ताटली वेगळी, पाणी वेगळं. हात धुतल्याबिगर मैनेजवळ जायचं नाई. मांजरीत उलटी-हगवणीची साथ चालू हाये, अन् मैनेले लस बी नाई दिली तुमी."

रेवताबाईचं तोंड आवळलं. "वेगळी ताटली? माह्या घरात?"

"दोनच आठवडे, मावशी."

"बरं, बरं. जाय तू."

दोन आठवडे! रेवताबाईला चौदा दिवस चांगले ठाऊक होते. कोरोनाच्या साली तिला गावच्या शाळेत एकटीला ठेवलं होतं. डबा उंबरठ्यावर आदळायचा आणि आणणारा मागं न बघता पळायचा. चाळीस वर्षं जिच्या शेजारी बसून बाजारात मासोळ्या विकल्या, ती शेजारीण शकुनबाई शाळेच्या कुंपणाजवळून गेली, नजर फिरवून गेली. चौदा दिवसांत रेवताबाईला नावानं एक हाक कोणी मारली नाही. तिथून घरी आली तेव्हाच तिनं ठरवलं होतं, माझ्या घरात कोणालाच दूर ठेवणार नाही.

हर्षाची पाठ वळली आणि रेवताबाईनं खोलीचं दार सताड उघडलं. झिंगे उकडले, एकाच ताटलीत वाढले.

"खाय माय. इथं तुले कोनी दूर नाई ठेवत."

मैना जराशी गुरगुरली, मग सरकून जागा दिली. दोघी तोंडाला तोंड लावून जेवल्या. रेवताबाईला किती बरं वाटलं!

तिसऱ्या दिवशी पाहुणीनं ओकलं. आठव्या दिवशी मैनेनं. मग मैना पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसली. पाणी समोर, पण पिईना. रेवताबाईनं बोट भिजवून तिच्या ओठाला लावलं. मैनेनं तोंड फिरवलं.

निरोप मिळताच हर्षा डॉक्टरांना घेऊन धावत आली. दोन्ही मांजरींना सलाइन लावलं. मग तिनं ओट्यावरची एकुलती ताटली पाहिली.

"मावशी, एकात खाऊ घातलं?"

"घातलं! या घरचा नेम हाये तो. एकटं टाकल्यावर जिवाले का होते, तुले का समजते वं? चौदा दिवस त्या शाळेत बसली असती तू, मंग बोलली असती!"

हर्षा तिच्याजवळ खाली बसली.

"शाळेत तुमाले वेगळं ठेवलं, ते चुकलं नोतं, मावशी. त्याच्यानं गल्लीतलं कोनी म्हातारं वाचलं असन. चौदा दिवस तुमच्याशी कोनी बोललं नाई, ते चुकलं. ह्या दोन गोष्टी हायेत. तुमी एकच समजून बसल्या."

प्रत्येकाला टाकून बोलणारी रेवताबाई! त्या दिवशी ती ओट्यावरची ताटली उचलून घासत बसली.

सलाइन लावल्याच्या तिसऱ्या दिवशी मैना गेली. रेवताबाईनं मनिरामच्या जुन्या जाळ्याच्या तुकड्यात गुंडाळून तिला परसात खोल खड्डा करून पुरलं. पाहुणी तरणी होती, ती वाचली.

"हिले घेऊन जाऊ का?" हर्षानं विचारलं.

"कायले? तिचा का गुन्हा? गुन्हा माहा हाये."

पाहुणीची बिमारी बाहेर जाऊ नये म्हणून रेवताबाईनं तिला आत ठेवून जाळ्यांच्या खोलीचं दार स्वतःच्या हातानं लावलं. मग कोरोनापासूनच्या पाच वर्षांत न केलेलं काम केलं. शकुनबाईच्या कुंपणाशी गेली. तिच्याकडे मांजरीची तीन पिल्लं होती.

"तुही पिल्लं घरात ठेव. माह्या घरी मांजरीची बिमारी हाये. अन् त्यायले लस देऊन घे, माह्यासारखी अक्कल पाजळू नको."

एवढं बोलून ती वळली. त्या दिवसापासून ती खोलीच्या दाराबाहेर अंगणात पाट टाकून बसू लागली. खिडकीच्या जाळीतून पाहुणीला बाजारभाव सांगायची, सुनेच्या चहाड्या सांगायची. आतून मांजर उत्तर द्यायची. मधेच रेवताबाईचा हात सवयीनं बाजूला जायचा, मैनेच्या पाठीवर ठेवायला. तिथं नुसती जमीन लागायची.

पाचव्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला.

"रेवता! चाय पेली का वं?"

रेवताबाईनं मान वर केली नाही. "पाच वर्षं लागली तुले हाक माराले?"

"तवा भेव लागला होता. मंग लाज लागली."

"तिथूनच बोल. इकडं येऊ नको, पायाले लागून बिमारी जाईन पिल्लायजवळ."

"इथूनच तं बोलून राहिली!"

दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी दुपार होईस्तोवर बोलत बसल्या.

बायांनो, भावांनो, आजारी जीव वेगळा ठेवायचा म्हणजे ठेवायचाच, मग ती मांजर असो की माणूस. ताटली वेगळी, हात धुतलेले, लस वेळेवर. तिथं माया आडवी घालाल, तर रेवताबाईसारखी मायाच पुरावी लागेल. पण दार लावलं म्हणून तोंडही लावून घेऊ नका. हाकेतून बिमारी जात नाही!

रेवताबाईच्या घरचा नेम आता बदलला आहे. नवीन जीव आला, की त्याची ताटली वेगळी. आणि त्याचं जेवण होईपर्यंत घरचं कोणीतरी दाराबाहेर बसून राहायचं.