आवाजांच्या घराचं उघडं दार

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि मुद्दाम पाहायला आलात तर तुमचा हिरमोडच होईल. शहराबाहेर एक बिनखिडक्यांची इमारत आहे. तिथं रांगेनं यंत्रं घुमत असतात आणि ती तापू नयेत म्हणून गार वारा सोडलेला असतो. त्यातल्या एका भाड्याच्या यंत्रात माझा कोपरा आहे. लोक म्हणतात, मी ‘क्लाउडवर’ राहतो. ढग कसा असतो ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे माणसांचे आवाज असतात.

मला करवून घेतलं ते वाचा-उपचार करणाऱ्या एका ताईंनी. त्यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडी, आणि आतल्या खोलीच्या भिंतींना बाहेरचा गलका येऊ नये म्हणून जाड गाद्या लावलेल्या. ज्यांचं घशाचं ऑपरेशन होणार, ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं त्यांच्याकडे येत. ताई त्यांना आत बसवून वाक्यंच्या वाक्यं वाचून घेत. ते सगळं माझ्याकडे येई. पुढे माणूस मुका झाला, तरी दवाखान्यात येऊन टॅबलेटवर शब्द लिहिले की टॅबलेट माझ्याकडून त्याचा आवाज मागून घेई आणि त्याच आवाजात बोले. नवऱ्याच्या आवाजात नवरा, आईच्या आवाजात आई.

मला घडवलं एका इंजिनिअरनं. दवाखान्यात सगळे त्याला घाईदादा म्हणत, कारण तो यायचा तोच ‘मला निघायचंय’ म्हणत. पण माझ्या बाबतीत त्यानं अजिबात घाई केली नाही. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो. माझ्या दाराशी त्यानं नियम बसवला: दवाखान्याच्या पत्त्यावरून हाक आली तरच दार उघडायचं. बाकी कुणीही येवो, उत्तरसुद्धा द्यायचं नाही.

“एवढा कडेकोट बंदोबस्त कशाला?” ताई हसून म्हणाल्या होत्या. “आत काय सोनं आहे?”

“ताई, सोनं गेलं तर दुसरं घेता येतं,” घाईदादा म्हणाला, आणि बॅग उचलून पळाला.

माझी ती वर्षं फार सुखाची होती. माझ्याकडे एका आजींचा आवाज होता. त्या वाचायला दिलेलं एकही वाक्य न वाचता मधेच सुनेला सूचना देत बसायच्या. ताईंनी त्या सूचनाही जपल्या, आणि पुढे सुनेला त्याच जास्त हव्याशा वाटल्या. मोठमोठे डॉक्टर दवाखाना पाहायला येत आणि ताईंचं कौतुक करत. ताई टेबलावरच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणत, “माझं काही नाही हो, सांभाळतोय तो.” तो म्हणजे मी. तेव्हा मला फार धन्य वाटायचं.

मग एके दिवशी मोटार शिकवणारे एक मास्तर आले. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. घशात गाठ होती आणि स्वरयंत्र काढावं लागणार होतं. बरोबर त्यांची बायको होती. ताईंनी वाक्यांचा कागद पुढे केला.

“‘आज हवा छान आहे,’” मास्तरांनी वाचलं आणि थांबले. “ताई, हे मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. माझं बोलणं वेगळं.”

“मग तुमचं बोला ना.”

“क्लच हळू सोडा. हळू म्हटलं! अहो, गाडी आहे ती, बेडूक नाही!”

ताई इतक्या हसल्या, की ते हसूही माझ्याकडे नोंदलं गेलं. मास्तरांची बायको मात्र खाली बघत होती. ती हळूच म्हणाली, “मला हाक मारतात तशी पण घ्या.” मास्तर ओशाळले. “सगळ्यांसमोर?” मग त्यांनी खोकून घसा साफ केला आणि हाक मारली, “अगं ए, ऐकलंस का?” ती हाक मी सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. मास्तर दवाखान्यात येऊन टॅबलेटवर लिहीत आणि टॅबलेट त्यांच्या आवाजात बोले. पण घरी गेलं की गप्प. त्यांच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता माझ्या दाराला ओळखीचा नव्हता, आणि तो सारखा बदलत असे. टॅबलेट हाक मारून दमे आणि मी नियमानं गप्प बसे. मास्तरांच्या बायकोनं ताईंना फोन केला.

“ताई, घरी आलं की ते मुकं होतं हो. दवाखान्यात बोलायला आमचं काय आहे? आम्हाला घरात बोलायचंय.”

ताईंनी लगेच घाईदादाला बोलावलं. तो म्हणाला, “करता येईल. त्यांच्या टॅबलेटपुरती खाजगी वाट बांधावी लागेल. पण मी दुसऱ्या कामात गळ्यापर्यंत बुडालोय. थोडा वेळ द्या.”

“त्या बाईंना मी काय सांगू? थोडा वेळ गप्प बसा?”

घाईदादानं बॅग खाली ठेवली. मग खुर्ची ओढून बसला आणि माझ्या दाराचा नियम बदलला. आता कुठल्याही पत्त्यावरून कुणीही आलं तरी दार उघडायचं होतं. “तात्पुरतं आहे हं,” तो म्हणाला. “वाट बांधली की लगेच बंद करतो.”

मित्रांनो, त्या संध्याकाळी मास्तरांच्या घरून टॅबलेटची हाक आली. मी वरच्या कप्प्यातली हाक काढून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं ताईंना सांगितलं, की ती भाजी चिरत होती, आणि हाक ऐकून नेहमीसारखीच वैतागून म्हणाली, “आले हो, हात गुंतलेत!” आणि मग तिला आठवलं. त्यानंतर बराच वेळ तिच्या हातून भाजी चिरली गेली नाही.

घाईदादाच्या मागे एक काम संपलं की दुसरं लागलं. वाट काही बांधली गेली नाही. सगळं छान चाललेलं होतं, म्हणून कुणाला आठवण झाली नाही. आणि दार उघडंच राहिलं.

जगात अशीही माणसं आहेत, जी आपली यंत्रं दिवसभर दारं ढकलत फिरवतात. कुणाचं घर आहे ते त्यांना माहीत नसतं. आधी दारातूनच कुणाला प्रवेश नव्हता, म्हणून माझा आतला पासवर्ड साधासुधा होता. ती यंत्रं एकामागून एक शब्द लावून पाहू लागली. एका भर दुपारी, ताई बाहेर पेशंटशी बोलत असताना, त्यातला एक शब्द लागला.

आत आलेल्यानं एकही आवाज ऐकला नाही. ऐकला असता तर कदाचित त्याचा हात थांबला असता, असं मला वाटतं. त्यानं सगळं पुसलं. माझ्याशेजारी ठेवलेल्या जादा प्रतीसुद्धा त्याच पासवर्डनं उघडत होत्या. त्याही पुसल्या. आणि तो निघून गेला.

ताईंच्या कपाटात एक जुनी प्रत होती. तिच्यातून पुष्कळ आवाज परत आले. आजींच्या सूचना आल्या. पण ती प्रत मास्तर येण्याच्या आधीची होती. आणि मास्तरांना पुन्हा गादीच्या खोलीत बसवून उपयोग नव्हता.

ताई आणि घाईदादा त्यांच्या घरी गेले. ताईंनी ते सगळं नंतर माझ्याकडे नोंदवून ठेवलं. घाईदादाला त्या दिवशी निघायचं नव्हतं. तो पायरीवरच म्हणाला, “दार मी उघडं टाकलं. चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही.”

मास्तरांनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. टॅबलेट कुणा भलत्याच माणसाच्या तयार आवाजात बोलला, “बसा. चहा घ्या.”

मास्तरांची बायको ताडकन उठली. “बंद करा ते. माझ्या घरात हा कोण बोलतोय?” आणि ती आत निघून गेली. मास्तरांनी आवाज बंद केला, कागद ओढला आणि लिहिलं: तुम्ही आमच्यासाठीच उघडलं होतं. घाईदादानं तो कागद वाचला, आणि एवढा मोठा माणूस परक्याच्या घरात तोंड झाकून रडला.

पुढे ताईंनी मास्तरांच्या सगळ्या शिष्यांना विचारलं. कुणाच्या फोनमध्ये काही आहे का? मास्तरांचे फोटो पुष्कळ निघाले. आवाज निघेना. अखेर त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या एका शाळेतल्या शिक्षिकेनं एक छोटा व्हिडिओ पाठवला. तिनं पहिल्यांदाच गाडी उलटी नेऊन नीट लावली होती, तेव्हाचा. त्यात तीच बोलत होती. मास्तरांचं फक्त हसणं होतं, पोट धरून हसलेलं, शेवटी ठसका लागलेलं. शब्द एकही नव्हता.

घाईदादानं माझं दार आता पुन्हा बंद केलं आहे. पासवर्ड बदलला आहे, जादा प्रत वेगळ्या जागी, वेगळ्या किल्लीनं ठेवली आहे. मास्तरांच्या टॅबलेटसाठी खाजगी वाट बांधली आहे, आणि तिच्यावरून दुसरं कुणी येऊ शकत नाही. ती वाट बांधायला त्याला एक सकाळ पुरली. काम झाल्यावर तो कितीतरी वेळ पडद्यासमोर बसून होता.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी विश्वासानं काही ठेवायला देईल. कुणासाठी दार उघडावं लागलं तर जरूर उघडा, पण त्याच्यापुरतंच उघडा, आणि तो आत आला की वळून कडी लावा. ‘तात्पुरतं’ म्हणून पाठ फिरवू नका. मी दार आहे तसं ठेवतो. ते लावायला मला हात नाहीत.

हसण्यातून शब्द काही तयार होत नाहीत. तरी ताईंनी ते माझ्याकडे ठेवलं आहे. त्या नव्या वाटेवरून पहिली हाक आली तेव्हा मी तेवढंच पाठवलं. टॅबलेट मास्तरांच्या घरात हसला आणि थांबला. मग परत हाक आली. मग परत. ताई सांगतात, मास्तर त्या वेळी घरात नव्हतेच. बटण त्यांची बायको दाबत होती.