सागरचे बाबा

"सागरचे बाबा, ओ सागरचे बाबा, तिकडं कुठं चालले?"

पिसाच्या कलत्या मनोऱ्यासमोर जगभरातली माणसं हवेत हात धरून मनोरा सावरल्याचे फोटो काढत होती आणि इंद्रभान त्यांच्यामधून वाट काढत एका पिवळ्या छत्रीमागे निवांत चालले होते. छत्री पिवळी होती हे खरं, पण ती त्यांच्या सहलीची नव्हती. तिच्यामागची माणसं कोरियाची असावीत. इंद्रभानच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मार्चपासून त्यांचं असंच चाललं होतं. पुढं कोणी चाललं की हे मागून.

हाक ऐकून ते थांबले. हाक मारणाऱ्या सरस्वतीबाईही थांबल्या, आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला.

देऊळगाव राजाकडं त्यांच्या पिढीचे नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. लग्न झाल्यावर नुसतं 'ऐकलं का' असतं, पोर झालं की आई-बापाला हक्काची नावं मिळतात. सागर जन्मला आणि हे 'सागरचे बाबा' झाले, त्या 'सागरची माय' झाल्या. मार्चमध्ये जालना रोडवर सागरच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं, आणि पोराबरोबर दोघांची नावंही गेली. तेव्हापासून त्या घरात कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. ताट फरशीवर जरा जोरात टेकलं की जेवायला या. इंद्रभान खोकले की पाणी. एवढ्यावर घर चालत होतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, किती समजूतदार जोडपं आहे.

पण पिसाच्या गर्दीत खोकला कुठवर पुरणार?

"सागर म्हंजे पोरगा काय तुमचा?" शेजारून वच्छलाबाईंनी विचारलं.

वच्छलाबाई अमरावतीच्या. विमानतळावर सरस्वतीबाईंची बोली कानावर पडली आणि "तुम्ही तं आपल्याकडच्याच" म्हणून त्यांनी जी पाठ धरली, ती अजून सोडली नव्हती. बसमधल्या प्रत्येक बाईचं आडनाव, माहेर आणि गुडघेदुखी त्यांना रोमलाच पाठ झाली होती. फक्त सरस्वतीबाईंचं पान कोरं राहिलं होतं.

"हाव," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"एकलाच?"

"एकलाच."

"काय करते?"

इंद्रभान तोवर जवळ पोचले होते. त्यांनी बायकोकडं पाहिलं. सरस्वतीबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "शेडनेट पायते. मिरचीच्या बियाण्याचं. आम्ही इकडं आलो तं सगळं त्याच्यावरच सोडून आलो."

"नशीबवान हात तुम्ही. आमचे दोघं अमेरिकेत, फोन कराले सवड नाही."

इंद्रभाननं तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यांनी मनोऱ्याकडं पाहिलं. तो काही पडत नव्हता.

सहलीला निघण्याचं कारणही सांगितलं पाहिजे, कारण देऊळगाव राजात त्यावर बरीच चर्चा झाली. घरातलं माणूस गेलं की पहिली दिवाळी 'दुखाची' असते. सोयरे जेवण बांधून आणतात, ओसरीवर बसून गळा काढतात, घरच्यांना रडवतात, मग दोन घास खाऊ घालतात. रीत चांगली आहे. पण गाव नुसतं रडून जात नाही, हिशेबही ठेवतं. कोणाचा हंबरडा पेठेपर्यंत ऐकू आला, कोण नुसतंच डोळ्याला पदर लावून बसलं, सगळं जमेला धरलं जातं. सरस्वतीबाईंच्या नावावर मार्चपासून बाकी निघत होती. पोराला उचललं तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. बायका म्हणाल्या, धक्का बसला. तेराव्यालाही रडल्या नाहीत, तेव्हा बायका काही म्हणाल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं.

नागपंचमी उलटल्यावर एकदा त्या ताट टेकवता टेकवता बोलल्या, "मले दिवाळीत इथं राह्यचं नाही."

"मंग भावाकडं जातं का?"

"तिथंही रडतीन सारे. जिथं आपल्याले कोणी वळखत नाही तिथं जाऊ."

पासपोर्ट घरात होते. शेतकऱ्यांचा एक अभ्यासदौरा इस्रायलला जाणार होता, त्यासाठी सागरनंच दोघांचे काढून ठेवले होते. दौरा रद्द झाला, पासपोर्ट कपाटात राहिले. इंद्रभान जालन्याला सहलवाल्यांकडं गेले आणि दिवाळीत कुठं जाता येतं म्हणून विचारलं. समोरचा म्हणाला, युरोप. ते म्हणाले, चालेल. त्यानं हिमालय म्हटलं असतं तरी चाललं असतं.

धाकटे भाऊ राजकुमार घरी आले. "दादा, वर्ष सरलं नाही अजून. लोक काय म्हणतीन?"

"काय म्हणतीन?" इंद्रभाननं विचारलं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

तर पिसानंतर बस उत्तरेकडं निघाली आणि बसमध्ये सागर येऊन बसला. वच्छलाबाई विचारत गेल्या, सरस्वतीबाई सांगत गेल्या. त्याला कारलं चालत नाही. पोळीवर तूप नसेल तर ताटावरून उठतो. लहानपणी बालाजीच्या जत्रेत हरवला होता तर पोलिसाच्या मांडीवर बसून शेव खात होता. मजूर बायका बी धरावं म्हणून फुलाला फूल लावून खुणेचा रंगीत लोकरीचा दोरा बांधतात, तर हा ते दोरे गळ्यात घालून शेडनेटमध्ये नाचतो. बायका हसतात, काम पडून राहतं.

मागच्या सीटवर इंद्रभान एकेक गोष्ट तपासून पाहत होते. सगळ्या खऱ्या होत्या. खोटी एकच होती आणि ती कोणी विचारत नव्हतं.

व्हेनिसला नाव डुलली, बायकांनी आरडाओरडा केला. इंद्रभान काठ धरून बसले. स्वित्झर्लंडमध्ये दोरावरच्या पाळण्यातून बर्फाच्या डोंगरावर नेलं. सहलवाल्यांनी बरोबर दिलेली अनुपमा, पुण्याची, हुशार मुलगी, सगळ्यांना सांगत होती, "काका-काकू, बर्फाला हात लावा, फोटो काढा, असा क्षण परत येत नाही." इंद्रभाननं बर्फाला हात लावला. हात आधीच बधिर झाला होता, त्यामुळं बर्फ कसा असतो ते कळलं नाही. त्यांच्या मनात आलं, शेडनेटची जाळी धुवायची राहून गेली.

त्याच डोंगरावर, काचेआड चहा पीत असताना, वच्छलाबाईंनी मूळ मुद्दा काढला. त्यांच्या नणंदेची मुलगी, दीपमाला. अकोल्यात औषधाच्या दुकानात बसते, स्वतः फार्मसी शिकलेली, रंगानं उजळ, शेतीवाला मुलगा चालेल म्हणणारी. आजकाल अशी मुलगी मिळते कुठं? "मी काही गळ्यात मारून नाही राह्यली वो. एक फोटो पाठवा, बाकीचं मंग पाहू."

सरस्वतीबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला. बोटानं फोटो सरकवत गेल्या. एकावर थांबल्या.

तो फोटो इंद्रभानच्या चांगल्या ओळखीचा होता. गळ्यात लाल-पिवळे दोरे, डोळे बारीक करून हसणारा सागर. चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर तोच होता, घरातल्या भिंतीवर तोच आहे. हाराशिवाय मात्र त्यांनी तो बऱ्याच दिवसांनी पाहिला.

"मायच्यावर गेला," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि फोटो त्यांच्या मोबाइलवर गेला.

हॉटेलात आल्यावर इंद्रभान खोकले. सरस्वतीबाईंनी पाणी दिलं.

"पाणी नको. काऊन केलं असं?"

"मी काय केलं? त्यायनं इचारलं, मी सांगितलं."

"ते लोक आस लावून बसतीन. पोरीचं घर हाय ते."

"मंग सांगा तुम्ही."

"मीच सांगू?"

"मह्यानं होत नाही," त्या म्हणाल्या आणि अंथरुणावरच्या पांढऱ्या चादरीची घडी मोडत राहिल्या. "त्याले मी इथं येऊन पुन्हा मारू काय? तुम्ही सांगा. मी काही म्हणणार नाही."

इंद्रभाननं ठरवलं, पॅरिसला सांगायचं. बाईला नाही, तिच्या नवऱ्याला. पुरुषाला सांगणं सोपं. तो फार तर गप्प होईल.

वच्छलाबाईंचे यजमान शंकरराव तहसीलमधून निवृत्त झाले होते. बोलायचे कमी, वेफर्स खायचे जास्त. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर वारा इतका होता की बायका आत दुकानात शिरल्या आणि हे दोघे कठड्याशी उरले. खाली नदी होती, पूल होते, घरं एका उंचीची होती. इंद्रभाननं घसा साफ केला.

"शंकरराव, एक सांगायचं होतं. सागरबद्दल."

"मीही तेच इचारणार होतो," शंकरराव म्हणाले. "बायका काही खरं सांगत नाहीत. मायले लेकरू सोन्याचंच दिसते. तुम्ही सांगा, स्वभावानं कसा हाय पोरगा?"

इंद्रभाननं तोंड उघडलं. आठ महिन्यांत लोकांनी त्यांना पुष्कळ काही विचारलं होतं. ट्रक कुठला होता, हेल्मेट होतं का, पोलिसांनी काय लिहून घेतलं. पोरगा कसा होता हे एकानंही विचारलं नव्हतं. गाव त्याला ओळखत होतं, विचारणार कशाला?

"हट्टी हाय," इंद्रभान म्हणाले.

"असतेच."

"मह्याशी वाकडं बोलते. मी मिरची लाव म्हटलं का हा टमाटे लावते. अन् त्याचंच बरोबर निघते, मंग अजून चढते." वारा तोंडावर येत होता. "गाडी लय जोरात चालवते. किती डाव सांगितलं, हळू चालव. ऐकत नाही."

शंकरराव हसले. "लग्न झालं का ऐकते. आमच्याकडचे सारे तसेच सुधरले. बरं, तुम्ही काय सांगून राह्यले होते?"

"हेच," इंद्रभान म्हणाले.

शंकररावांनी वेफर्सचं पाकीट पुढं केलं. इंद्रभाननं त्यातले दोन घेतले. खारट होते, आणि त्यांना ते खारट लागले.

लक्ष्मीपूजन ॲमस्टरडॅमला झालं. हॉटेलवाल्यानं आग चालणार नाही म्हटल्यावर अनुपमानं सेलवरच्या पणत्या मांडल्या. घरून आणलेले डबे उघडले. वच्छलाबाईंनी सरस्वतीबाईंच्या हातावर करंजी ठेवली, "लेकाचं लवकर जमो" म्हणाल्या. वर्षाच्या आत गोड खायचं नसतं. इंद्रभान पाहत राहिले. सरस्वतीबाईंनी करंजी सावकाश खाल्ली, सांडलेलं सारणही बोटानं टिपून घेतलं.

मुंबईला विमान टेकलं आणि त्या गप्प झाल्या. देऊळगाव राजात पोचल्यावर पुन्हा ताट टेकायला लागलं, इंद्रभान खोकायला लागले.

दिवाळी चुकवता आली, सोयरे चुकवता आले नाहीत. आठवड्याभरात राजकुमारच्या घरच्या बायका, सरस्वतीबाईंची भावजय, गल्लीतल्या दोघी-तिघी, डबे घेऊन ओसरीवर येऊन बसल्या. सरस्वतीबाई मध्ये. भावजयीनं सुरुवात केली, "कसा रे गेला माह्या भाच्या," आणि बाकीच्यांनी सूर धरला. मधूनमधून एकेक नजर सरस्वतीबाईंकडं जात होती. परदेश पाहून आलेले डोळे कोरडेच होते.

इंद्रभान अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेलं मिरचीचं बी हातानं फिरवत होते. खिशात फोन वाजला. वच्छलाबाई.

"आमची दीपमाला हो म्हणते. नणंदही तयार हाय. पाहाले कधी येऊ? रविवारी जमते का?"

ओसरीवरचा आवाज वाढला होता. इंद्रभान ताडपत्रीच्या पलीकडच्या टोकाला गेले.

"वच्छलाबाई, माफ करा. सागरचं जमलं."

"जमलं?"

"आम्ही तिकडं होतो, तेवढ्यात. त्यानंच पसंत केली."

मग वच्छलाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. जिथं गाठ असन तिथंच जाते. चांगलं झालं. हे रडून कोण राह्यलं तुमच्याकडं?"

"शेजारी. टीव्ही लावला."

"सागरच्या मायले द्या बरं फोन. दोन शब्द बोलते."

इंद्रभाननं ओसरीकडं पाहिलं. खोकून भागलं असतं. फोन नेऊन हातात दिला असता तरी भागलं असतं.

"सागरची माय," त्यांनी हाक मारली, मोठ्यानं, अंगणाच्या त्या टोकावरून. "तुहा फोन हाय."

ओसरीवरचं रडणं एकदम थांबलं. भावजयीचा हात कपाळाशी होता तिथंच राहिला. सरस्वतीबाई उठल्या, पायऱ्या उतरल्या, ताडपत्रीच्या कडेकडेनं, बियांवर पाय न पडू देता आल्या आणि त्यांनी फोन कानाला लावला.

"त्याचं जमलं म्हणून सांगितलं मी," इंद्रभान हळूच म्हणाले.

सरस्वतीबाईंनी मान हलवली. फोनमधला आवाज मोठा होता, इंद्रभानलाही ऐकू येत होता. वच्छलाबाईंनी अभिनंदन केलं, पत्रिका पाठवा म्हणाल्या, सून कुठली ते विचारलं.

"इकडचीच हाय," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"अन् हे पाहा, त्याच्या बाबानं आमच्या यायले सांगितलं होतं वर टावरवर, पोरगा गाडी लय जोरात चालवते म्हणून. आता लग्नाचा झाला, हळू चालव म्हणा त्याले."

सरस्वतीबाईंनी इंद्रभानकडं पाहिलं. ते खाली बसून बी फिरवत होते.

"सांगते," त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला. त्यांनी तो पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला. मग ओसरीवरच्या बायकांकडं पाठ करून त्या ताडपत्रीच्या दुसऱ्या कडेला बसल्या आणि त्याही बी फिरवू लागल्या.