कोपराखाली चार बोटं

मिठाच्या बाटलीत तांदळाचे दाणे होते – सात दिसत होते, आतल्या अंगाला आणखी असतील – आणि ते पिवळट पडले होते. म्हणजे बरेच महिने कुणी बदललेले नव्हते. हवेतली ओल पिऊन पिऊन ते फुगायचे तेवढे फुगले होते, आता त्यांच्याकडून मिठाचं काही भलं व्हायचं नव्हतं, तरी होते आपले बाटलीत... प्रयोगशाळेत तराजूच्या काचपेटीत ती निळे खडे ठेवायची. ओल शोषून ते गुलाबी झाले की भट्टीत दोन तास, पुन्हा निळे. दर सोमवारी सकाळी, बाकी कुणी यायच्या आत. आता ते कोण भाजत असेल, की गुलाबीच पडून असतील –

“सूनबाई, मीठ घेणार आहेस की मोजणार आहेस?” सासरे म्हणाले.

“त्यात तांदूळ आहेत, बाबा.”

“असू देत. हा एवढासा होता तेव्हापासून आहेत.” त्यांनी काठीच्या मुठीने तिच्या नवऱ्याकडे खूण केली.

“तिला चिमूट समजत नाही हो,” सासूबाई म्हणाल्या. “लग्न होऊन आली तेव्हा मला विचारलं होतं, आई, चिमूट म्हणजे नक्की किती?”

“मग तू काय सांगितलंस?” नवऱ्याने विचारलं. उत्तर त्याला पाठ होतं.

“सांगितलं, माझ्या चिमटीत मावेल तेवढं. आता हिची बोटं लांबसडक, त्याला मी काय करू?”

सगळे हसले. तीही हसली, आणि ते हसू खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. ही माणसं वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

ती भिंतीकडच्या बाकावर आतल्या बाजूला बसली होती. उजवीकडे भिंत, डावीकडे सासूबाई, समोर नवरा, त्याच्या शेजारी, काठी टेबलाला टेकवून, सासरे. हे टेबल यांचं ठरलेलं होतं. हॉटेलात शिरल्याबरोबर ज्यांना सगळे मामा म्हणत त्या म्हाताऱ्या वाढप्याने खुर्च्या सरकवल्या होत्या आणि बसायच्या आतच विचारलं होतं, “नेहमीचंच ना?” मेनूकार्ड इथे मागायचं नसतं. नऊ महिन्यांपूर्वी, इथे परत आल्यावर पहिल्या आठवड्यात, नवऱ्याबरोबर आली असताना तिने मागितलं होतं. मामांनी ते शोधून आणलं, फडक्याने पुसून दिलं, आणि मग नवऱ्याकडे बघून असे हसले, की जणू तिने त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं होतं.

आज सासरे पडल्यानंतर पहिल्यांदाच बाहेर जेवायला आले होते. जिन्यावरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा ही दोघं दूरच्या शहरातला अकरा वर्षांचा संसार पेट्यांत भरून आली होती – सहा महिन्यांसाठी. हे सहा महिने कुणी कागदावर लिहून दिले नव्हते. तिकडच्या रिकाम्या घरात, गुंडाळलेल्या गादीवर बसून नवरा म्हणाला होता, “सहा महिने गं. बाबा उभे राहिले की निघालो.” आणि बाबा उभे राहिले. पाचव्या महिन्यात भिंतीला धरून, सातव्यात काठीने. आज हॉटेलच्या तीन पायऱ्या त्यांनी एकट्याने चढल्या आणि वर पोचल्यावर मागे वळून सगळ्यांकडे परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. आणि त्याच क्षणी मनात दुसरं कुणीतरी महिने मोजत होतं... सहा नाही, नऊ.

पर्समध्ये फोन होता. फोनमध्ये बाईंचं पत्र. बाई म्हणजे तिकडच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्या कुणावर जास्त शब्द खर्च करत नसत. ‘तुझी जागा अजून भरलेली नाही. वरून विचारणा होते आहे. येणार असशील तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळव. येणार नसशील तरी कळव. पण कळव.’ पत्र येऊन नऊ दिवस झाले होते. आज शुक्रवार. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. या टेबलावर कुणालाही हे ठाऊक नव्हतं.

नवऱ्यालाही नाही. त्याला का सांगितलं नाही, याचं उत्तर तिने स्वतःला नऊ दिवसांत निरनिराळं दिलं होतं. पुलांचे आराखडे तपासायचं त्याचं काम, ते कुठल्याही खोलीत बसून होतं. तेव्हा त्याची अडचण नाही. तो ‘नाही’ म्हणाला नसता. तो म्हणाला असता, “बघू या.” आणि ‘बघू या’ला तारीख नसते.

“– तर तो मिस्त्री चारला येतोय,” सासूबाई सांगत होत्या. “वरच्या खोलीत खिडकीखाली ओटा, नळ आतून घ्यायचा, आणि कोपऱ्यात कपाट. म्हणजे तुमचं तुम्हाला वेगळं. मी काही वर येऊन झाकणं उघडून बघणार नाही.”

“बघशील,” सासरे म्हणाले.

“बघेन. पण सांगून बघेन.”

पुन्हा हसू. नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला. तो इथे आल्यापासून मोठ्याने हसतो. तिकडे तो असा हसत नव्हता... की हसत होता? दोघं फिरायला गेली होती त्या बंदराच्या गावात, जिथली अक्षरंसुद्धा ओळखीची नव्हती, तिथे एकदा त्याने डोळे मिटून मेनूकार्डावर बोट ठेवलं होतं. त्यांचा तो खेळच होता – एकदा तिचं बोट, एकदा त्याचं, येईल ते खायचं आणि अर्धं झालं की ताटल्या बदलायच्या. त्या दिवशी त्याचं बोट सगळ्यांत खालच्या ठळक ओळीवर पडलं. मालकीणबाईंनी ती ओळ वाचली, दोघांकडे पाहिलं, डोळे पुसले, आत गेल्या आणि फ्रेम केलेला एक फोटो घेऊन आल्या. मिशाळ माणसाचा. हॉटेल ज्यांच्या स्मरणार्थ होतं त्या वडिलांचा. तासभर त्या दोघांना खुणांनी वडिलांची हकिकत सांगत राहिल्या, आणि ही दोघं पोटात कावळे ओरडत असताना माना डोलावत राहिली. बाहेर पडल्यावर रस्त्यात उकिडवं बसून हसला होता तो. हसत होता. मी पाहिलंय.

आणि दुसरा तो नियम. तो कुठल्या गावात ठरला हे आता आठवत नाही. एका जागेत शिरून बसल्यावर तिचा जीव गुदमरला होता – वास होता की शेजारच्या टेबलावरचा माणूस टक लावून बघत होता – आणि आता बसलोच आहोत म्हणून दोघं मुकाट्याने जेवली होती. रात्रभर ती त्यावर धुमसली. मग ठरलं, की बसल्यावर, पाणी ओतायच्या आत, दोघांपैकी कुणीही आपला ग्लास पालथा घालावा. दुसऱ्याने उठायचं. का म्हणून विचारायचं नाही, नंतरही नाही. अकरा वर्षांत तिने चारदा घातला होता, त्याने दोनदा. एकदा तर नुसतं बाहेर चांदणं पडलं होतं म्हणून. सहाही वेळा दुसरा माणूस तात्काळ उठला होता. लग्नातल्या सगळ्या गोष्टींची तिला खात्री होती असं नाही, पण या एका गोष्टीला अपवाद सापडलेला नव्हता.

मामा पाण्याचा जग घेऊन दोन टेबलं पलीकडे होते.

तिने ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला, असंही म्हणता येणार नाही, कारण हात जाताना तिला दिसत होता. ग्लासाच्या काठावर तिची तीन बोटं, मनगट वळलं, आणि ग्लास टेबलावर पालथा. अगदी हळू. काचेचा आवाजही झाला नाही.

“खिडकीखालीच ओटा बरा,” नवरा आईला सांगत होता, “कारण तिला उजेड –” आणि त्याने पाहिलं. पापणी लवली नाही. “– उजेड लागतो, उजेड,” तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा हात टेबलावरून आला, दोन बोटांनी ग्लास उचलला, सरळ केला. “घाला, मामा.”

पाणी पडलं. काठोकाठ.

ग्लास तिच्यासमोर होता, पण मघाच्या जागी नाही. बोटभर त्याच्या बाजूला सरकलेला. विसरला असेल. हॉटेलात ग्लास पालथे असतातच, ते सरळ करायची सवय असते हाताला. किंवा विसरला नसेल. तो शब्द दोनदा का म्हणाला – उजेड, उजेड? एका निरीक्षणावरून काही ठरवायचं नसतं, हे तिने तिकडे शिकाऊ मुलींना कितीदा तरी सांगितलं होतं. पण दुसरं निरीक्षण घ्यायचं तर आता भरलेला ग्लास पालथा घालावा लागला असता. ती पाणी प्यायली. नेहमीचं आलं. सासरे म्हणाले, चव तीच आहे. सासूबाई म्हणाल्या, चव तीच असते, आपली जीभ म्हातारी होते. तिने मिठाची गुळणी धरल्यासारखं सगळं जेवण उरकलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण ती पहिल्यापासून कमीच बोलते.

घरी आल्यावर सासरे आडवे झाले. वरच्या खोलीकडे जाताना जिन्याच्या वळणावर नवरा तिच्या पुढे होता. तिने त्याच्या पाठीला विचारलं,

“मघाशी तो ग्लास –”

तो थांबला. वळला नाही. जिन्याच्या कठड्यावरून त्याने तळहात फिरवला, जणू धूळ बघतोय.

“आई-बाबा होते गं.”

म्हणजे आठवत होतं. तिला वाटलं होतं हे कळलं की काहीतरी कोसळेल. पण काही कोसळलं नाही. तो एक पायरी चढला, परत थांबला.

“आणि बाबा तिथवर चढून आले होते. लगेच कसं उठायचं?”

“नियमात कारण सांगायचं नाही.”

“मला ठाऊक आहे,” तो हळू म्हणाला. “तू काही सांगणार होतीस का?”

आता. इथे, वळणावर, दोघंच. घड्याळ दिसत नव्हतं पण साडेतीन वाजून गेले असणार. एक वाक्य होतं फक्त – बाईंनी बोलावलंय – त्यात तीन शब्दसुद्धा नव्हते. तिने तोंड उघडलं.

“नाही. काही नाही.”

तो वर गेला. आणि ती कठडा धरून उभी राहिली, आणि तेव्हा तिला ते आठवलं – आठवलं म्हणजे, दुपारी जे घडलं होतं आणि तिने नोंदवलं नव्हतं, ते दिसलं. त्याच्या बोटांनी ग्लास उचलला त्या अर्ध्या क्षणात, राग यायच्या आधी, अपमान वाटायच्या आधी, तिचा जीव भांड्यात पडला होता. तो उठला नाही म्हणून. तो उठला असता तर तिलाही उठावं लागलं असतं. सासूबाईंना ओलांडून, पास झालेल्या त्या चेहऱ्यासमोरून, बाहेर रस्त्यावर. आणि तिथे उभं राहून तो म्हणाला असता, बोल, कुठे जाऊ या? आणि तिला बोलावं लागलं असतं. नऊ दिवस. नऊ दिवसांत तिचा फोन कुणी काढून घेतला नव्हता. खोलीला कडी घातली नव्हती. मी तर कुणाला विचारलंही नाही. न विचारताच सगळ्यांची उत्तरं मी मनातच तयार करून ठेवली, आणि मग त्या उत्तरांवर रुसून बसले...

मिस्त्री चारला येणार तो साडेचारला आला. कानाला पेन्सिल, हातात टेप, एका पायातली झिजलेली चप्पल जास्त वाजणारी. खिडकीखालची भिंत त्याने बोटाने ठोकून पाहिली.

“ताई, ओट्याची उंची किती ठेवू? दादा म्हणाले तुम्हाला विचार.”

“नेहमी किती ठेवता?”

“नेहमीचं असं काही नसतं. ज्याचा ओटा त्याचं कोपर. कोपराखाली चार बोटं. उंच झाला तर खांदे भरून येतात, बुटका झाला तर कंबर जाते. एकदा बसला की मग बसला, हलत नाही.” तो गुडघ्यावर बसला. “इथे उभ्या राहा. हात असा दुमडा, पोळपाटावर ठेवल्यासारखा.”

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पलीकडे कपाटावर टांगलेल्या घड्याळात पाचला वीस कमी. पर्स खाटेवर होती, चार पावलांवर. दारात नवरा उभा होता, हाताची घडी घालून, आणि तो ओट्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

मिस्त्रीने चार बोटं धरली, पेन्सिल टेकवली.

“थांबा,” ती म्हणाली. “मी चप्पल घातलीय.”

“असू दे हो, एवढ्या-तेवढ्याने –”

“दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.” तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. जमीन गार होती. “आणि तुमची बोटं जाड आहेत. माझी चार बोटं धरा. आणि एकदा घेऊन चालणार नाही, तीनदा घ्या.”

“तीनदा?” मिस्त्री दाराकडे बघून हसला. “वहिनींचं काम पक्कं आहे, दादा.”

दारातून हसू आलं नाही.

पहिली रेघ. दुसरी रेघ, केसभर खाली. ती ताठ उभी होती, टाचा भिंतीला, कोपर काटकोनात, श्वास अर्धा धरून, जसा तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत ती धरायची; आणि किती चांगलं उभं राहता येतं मला, असं तिच्या मनात आलं. आपलं चुकीचं माप ती कुणालाही देऊ शकत नव्हती. ज्या ओट्याशी तिला उभं राहायचं नव्हतं त्याचंही नाही. दुपारपासून, छे, नऊ महिन्यांपासून तिला वाटत होतं, की कुणीतरी आपल्याला दंडाला धरून इथे उभं केलंय. तिने खाली पाहिलं. मिस्त्रीचे दोन्ही हात टेपवर होते. दंड मोकळा होता. कोपर तिने स्वतःच धरून ठेवलं होतं, इतका वेळ, इतकं अचूक, की आता ते दुखायला लागलं होतं.

“हलू नका,” मिस्त्री म्हणाला, “शेवटचं.”

आणि दारातला माणूस काही बोलेल का, याची वाट आपण या क्षणी बघत नाही आहोत, हे तिच्या लक्षात आलं. बोलायचं कुणी होतं ते तिला आता स्पष्ट दिसत होतं. घशाशी ते वाक्य येऊन बसलं होतं, त्याला चव होती, वजन होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती. पण नऊ दिवसांत पहिल्यांदाच ती भीती दुसऱ्या कुणाची नव्हती, तिची होती. मिस्त्रीची पेन्सिल भिंतीवर टेकली, आणि ती श्वास धरून तशीच, कोपर दुमडून, उभी होती.