उघडी बॅग

गेल्या सत्रात काठावर पास झालेली भाची या सत्रात दर सोमवारच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण आणू लागली, आणि मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कारण चाचणी काढायची मावशीच. ती त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. भाची शाळेत तिला ‘बाई, तुम्ही’ म्हणे आणि घरी आलं की ‘मावशी, तू’. बहिणीने मोठ्या विश्वासाने पोरीला तिच्याकडे शिकायला ठेवलं होतं.

“घरचीच चाचणी, घरचंच उत्तर,” भूगोलाचे सर शिक्षकांच्या खोलीत हसत म्हणाले. मावशीला ते भलतंच झोंबलं.

तिने पाळत ठेवली. पोरगी एक पान वाची, पुस्तक मिटून टाकी आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत भिंतीकडे बघत बसे. ओठ तेवढे हलत. ह्याला काय अभ्यास म्हणायचं? मावशीने जन्मभर धडे घोकले होते, ओळींखाली रेघा मारून मारून पुस्तकं लाल केली होती. पुस्तक मिटून कुणी शहाणं झाल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

रविवारी तिने सापळा लावला. प्रश्नपत्रिका आपल्या बॅगेत, चेन अर्धी उघडी, कागदाचं टोक बाहेर, आणि बॅग भाचीच्या खुर्चीवर. मग भाजीचं निमित्त काढून ती बाहेर पडली आणि उगाचच रेंगाळली. परत येऊन बघते तर चेन घट्ट लावलेली, बॅग कपाटावर. चोर सापडला. आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडूच आलं.

सकाळी तिने गुपचूप सगळे प्रश्न बदलले. भाचीला तरीही पैकीच्या पैकी. मावशी चक्रावली, पण बॅग काही डोक्यातून जाईना.

संध्याकाळी भाची घड्या घालत असताना तिने विषय काढलाच. “खरं सांग, नाहीतर उद्या तुझ्या आईला बोलावते. माझ्या बॅगेला हात का लावलास?”

“चेन उघडी होती, म्हणून लावली,” भाची म्हणाली. “शेजारची मुलं येतात-जातात. कुणी कागद बघितला असता तर नाव तुझं खराब झालं असतं.”

“आणि हे गुण?”

“पान वाचलं की पुस्तक मिटते आणि स्वतःलाच प्रश्न विचारते. अडलं तेवढंच परत वाचते. दुसऱ्या दिवशी कालचं अडलेलं आधी विचारते. नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं गं, पण चाचणीत फजिती होते.”

 भाचीने हातातला टॉवेल खाली ठेवला. तिची नजर बॅगेकडे गेली.

“मावशी, बॅग तू विसरून गेली होतीस ना?”

हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण पोरगी डोळ्याला डोळा भिडवून बघत होती.

“नाही,” मावशी म्हणाली. “मुद्दाम ठेवली होती. चुकलं माझं.”

 भाचीने कपड्यांच्या ढिगातून आपले कपडे वेगळे केले आणि ते उचलून ती आत निघाली. दारात क्षणभर थांबली.

“तुम्ही जेवून घ्या, बाई,” ती म्हणाली. “मला भूक नाही.”