लंकाबाईचं वायफाय

आमच्या सासूबाई नाचणार होत्या. परत सांगते, कारण आमच्या भावकीत यावर अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. साठी उलटलेल्या लंकाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गुडघ्यांना तेल चोळून, लेकीच्या हळदीत सगळ्यांदेखत नाचणार होत्या.

लेक म्हणजे माझी नणंद निकिता. तिनेच हट्ट धरला होता, "आई नाचली तरच मी हळद लावून घेईन." नाच बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर मीच ते ओढून घेतलं, कारण माहेरी पाथर्डीला गॅदरिंगमध्ये माझ्याशिवाय पडदा उघडत नसे आणि हे सांगायची संधी मी सोडत नाही.

बातमी फुटली तशा आत्यांच्या थोरल्या जाऊबाई, मुक्ताबाई, खास बघायला आल्या. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. मुक्ताबाईंनी आत्यांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लंके, अर्ध्यातच फतकल मारून बसशील. उचलायला टेम्पो बोलवावा लागंल."

झालं. त्या दिवसापासून आत्यांनी जी कंबर कसली, ती कसलीच. रोज संध्याकाळी ओसरीवर सराव. आत्या, मी, आणि गल्लीतल्या ज्योती आणि आरती. आमचे हे, कल्याणराव, गाण्याचे शौकीन. त्यांनी आणलेला भोपळ्याएवढा स्पीकर खुंटीखाली मांडायचा. त्याला वायर नाही, पेनड्राइव्हची सोय नाही, तो फक्त घरच्या वायफायवर वाजतो. एवढं सोडलं तर स्पीकर चांगला आहे.

पहिलं कडवं ठणठणीत वाजायचं. आत्या अशा काही गिरकी घ्यायच्या की मीच माझ्या स्टेप्स विसरायचे. आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, आत्यांचा एक हात कमरेवर, एक पाय अधांतरी, की गाणं गप्प! मग उचकी लागल्यासारखे दोन शब्द, परत गप्प. आम्ही चौघी बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या.

पहिल्यांदा हसून हसून पोट दुखलं. पण रोज तेच व्हायला लागलं तसा आत्यांचा चेहरा उतरत गेला. हळदीच्या आदल्या दिवशी त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "रेश्मा, म्या नाचूच नये असं दिसतंय. गाणंच अडवतंय मला. उद्या समद्यांपुढं असं झालं तर थोरली बाई जन्मभर काढंल ते. त्यापरीस ऱ्हाऊ दे."

माझं डोकंच फिरलं. एवढी बाई इतक्या वर्षांनी पदर खोचून उभी राहिली, आणि एक भोपळा तिला खाली बसवणार? मी म्हटलं, "आत्या, तुमी तेल चोळा. भोपळ्याचं मी बघते."

कल्याणरावांकडे कारणांचा साठा होता. आधी म्हणाले, शेजारचा मिक्सर. मग फ्रिज. मग स्पीकरच्या डोक्यात दोन चापट्या मारून पाहिल्या. मी गाणं मोबाईलमध्ये उतरवून घेतलं, पण मोबाईलपासून स्पीकरपर्यंत जायला रस्ता तोच, वायफायचा. परत उचकी.

"अहो, पण ते राऊटर हाय कुठं?" मी विचारलं.

ते लोखंडी कपाटावर सापडलं, पितळी घागरीच्या मागं, वर आत्यांनी क्रोशानं विणलेलं झाकण. धूळ बसू नये म्हणून! मी झाकण काढलं, घागर हलवली, राऊटर ओसरीच्या कोनाड्यात आणून ठेवलं आणि विजयी मुद्रेनं गाणं लावलं. फरक एवढाच पडला, की दुसऱ्या कडव्याचा एक शब्द जास्त ऐकू आला.

रात्रभर मला झोपेत उचक्या ऐकू येत होत्या. सकाळ उजाडली ती शनिवारची. हळद दुपारी, आणि शनिवार म्हणजे आमच्या शिंगणापुरात दर्शनाला ही गर्दी. आमच्या भिंतीलगतच्या लिंबाखाली तर जीप लावायला जागा उरत नाही. निकिता हातावरची मेंदी सांभाळत म्हणाली, "वहिनी, एकदा बंद करून चालू तरी कर."

मी राऊटरचं बटण बंद केलं.

आणि काय सांगू! पलीकडच्या पत्र्यावरून बनुबाईंचं डोकं वर आलं, "अगं, माझी मालिका का थांबली?" कोपऱ्यावरचे रसवंतीवाले भिमाजीअण्णा चरक सोडून रस्त्यात आले, "लंकाबाई गेली का ओ?" मी गर्रकन वळून आत्यांकडे बघितलं. तेवढ्यात लिंबाखाली पसरलेले सगळे जीपवाले उठून बसले आणि एक म्हणाला, "व्हय, माझ्याकडची बी लंकाबाई गेली!"

कल्याणरावांनी कौतुकानं वायफायला आईचं नाव दिलं होतं, ते तेव्हा आठवलं. माझ्या सासूबाई जिवंत, माझ्या शेजारी उभ्या, आणि सगळी गल्ली त्यांच्या जाण्यानं हवालदिल.

मी बटण चालू केलं. पत्र्यावरचं डोकं खाली गेलं, चरक फिरू लागला, जीपवाले पुन्हा आडवे झाले. आजवर आम्हाला वाटायचं, लोक आमच्या लिंबाच्या सावलीला बसतात.

"अहो, पासवर्ड काय ठेवलाय?" मी विचारलं.

कल्याणराव आईकडे बघायला लागले. आत्या म्हणाल्या, "बसवणाऱ्यानं विचारलं हुतं, कुलूप कंचं घालू म्हणून. म्या सांगितलं, आमच्यात कुलूप लावत न्हाईत."

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या गावात घरांना दारं न लावायची जुनी रीत आहे. आमच्या घराला चौकट आहे, दार नाही. कुत्री येऊ नयेत म्हणून पडदा, बस्स. आत्यांनी आयुष्यात हातात किल्ली धरलेली नाही, आणि त्यांनी त्याच नियमानं वायफाय बसवून घेतलं होतं. ज्याला पाहिजे त्यानं यावं, जोडावं. सगळं गाव लंकाबाईला जोडलेलं, आणि लंकाबाईच्या वाट्याला दीड कडवं!

"आत्या, मी पासवर्ड टाकते. दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाई."

"फक्त आजच्या दिवस."

"एक दिवस बी न्हाई. दारात आलेल्याला कुलूप दाखवायचं व्हय? लेकीच्या हळदीला?"

"मग नाच?"

आत्या लुगड्याचा काठ बोटांत गुंडाळत म्हणाल्या, "मंग न्हाई नाचत." आणि आत निघाल्या.

मला इतका राग आला, आणि रागापेक्षा जास्त माया आली, की मी नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांनी चौकटीतला पडदा बाजूला सारला, आत गेल्या, आणि पडदा परत जागेवर आला.

मी ओरडलेच, "आत्या! पडदा चालंल का?"

पडद्यामागून त्यांचं डोकं बाहेर आलं. "कसला पडदा?"

राऊटरमध्ये दोन वाटा असतात. एक लांबवर पोचणारी, दुसरी जवळच्या जवळ पण वेगाची. सगळं गाव पहिलीवर होतं, आणि स्पीकरही तिथंच चेंगरलेला. मी दुसरी चालू केली, स्पीकर तिच्यावर घेतला आणि तिचं नाव झाकून ठेवलं. ते कोणाला दिसत नाही, ज्याला ठाऊक तोच टाकून आत येतो. पहिली वाट गावाला मोकळीच ठेवली, फक्त तिचा वेग जरा आवरला. कुलूप कुठंच नाही.

आत्यांनी विचार केला. "कोनी नाव इचारलं तर सांगायचं?"

"सांगायचं."

"मंग घाल पडदा," त्या म्हणाल्या आणि हळद कालवायला बसल्या.

कल्याणरावांनी पूर्ण गाणं एकदा वाजवून पाहिलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक उचकी नाही. सरावाला मात्र वेळ उरला नव्हता, पाहुणे यायला लागले होते. मुक्ताबाई सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर, पाय पसरून, हातात रुमाल.

निकिताला हळद लागली आणि गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात आत्यांनी मांडव डोक्यावर घेतला. भिमाजीअण्णांनी शिट्टी मारली. बनुबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, आत्यांचा एक हात कमरेवर, एक पाय अधांतरी,

आणि आम्ही चौघी थांबलो!

गाणं चाललेलं. खणखणीत, दुसरं कडवं, ज्यावर आम्ही कधी नाचलोच नव्हतो. रोज तिथं थांबून थांबून आमचे पाय तिथंच थांबायला शिकले होते. मी पुढं उभी, नाच बसवणारी, पाथर्डीच्या गॅदरिंगची राणी, आणि मला पुढची स्टेप आठवेना.

"अगं लंके, नाच की!" मुक्ताबाई खुर्चीतून ओरडल्या. "गानं चालू हाय!"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता या बाईला रडू फुटणार. त्यांना फुटलं ते हसू, असं की डोक्यावरचा पदर खाली आला.

"आक्का, माझं नेट गेलंय!" त्या म्हणाल्या. "ये, तूच जोड!"

आणि हात धरून त्यांनी मुक्ताबाईंना खेचलं. मुक्ताबाई नको नको म्हणत आल्या, पण पाय काही नको म्हणत नव्हते. मग स्टेप्स कोणी विचारल्या? दोघी जावा हातात हात घालून फुगडीच्या फेऱ्यात, मागं ज्योती, आरती, मी, हळदीनं माखलेली निकिता, आणि दर्शनाहून येता येता थांबलेल्या दोन अनोळखी बाया. गाणं संपलं, कल्याणरावांनी परत लावलं, ते परत शेवटपर्यंत वाजलं.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मुक्ताबाईंचा दम तुटला. हसत, धापा टाकत, मांडवाच्या मधोमध त्यांनी फतकल मारली.

आत्या नाचायच्या थांबल्या नाहीत. वाकून त्यांनी हात पुढं केला आणि विचारलं, "आक्का, टेम्पो बोलवू का?"